कुडा नीट ओळखला तरच औषध

बेळगावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात ‘कुड्याची साल’ मागितली तर पुडीत काय येईल, हे ती साल कोणी आणि कुठल्या झाडाची काढली यावर ठरते. आव, मुरडा, रक्ती आव यांवर कुडा हे या भागातले पहिल्या क्रमांकाचे झाडपाल्याचे औषध. पण कुडा या नावाची निदान दोन झाडे आपल्याकडे आहेत आणि त्यांतले एकच आवेवर चालते.

औषधी तो पांढरा कुडा, संस्कृतात कुटज, कन्नडमध्ये कोडसिगे. त्याचे शास्त्रीय नाव होलॅरिना प्युबेसेन्स; जुन्या पुस्तकांत होलॅरिना अँटिडिसेंटेरिका असे सापडते. दुसरा काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, कन्नडमधला हाले. चन्नपट्टणची लाकडी खेळणी ज्या पांढऱ्या, गुळगुळीत लाकडाची होतात ते या काळ्या कुड्याचे. तांबडा कुडा म्हणून राइटियाचीच आणखी एक जात आहे, तिच्या पानांवर मखमली लव असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पावसाच्या पट्ट्यात पांढरा कुडा भरपूर आहे. पूर्वेला कोरडवाहू भागाकडे सरकावे तसा काळा कुडा वाढत जातो. मधल्या रानांत दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण दोघांची पाने समोरासमोर, दोघांची फुले पांढरी, दोघांना चीक आणि दोघांच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या.

फुलावर असताना ओळख सोपी आहे. फूल हातात घेऊन मध्यभागी पाहावे. काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्यांच्या आत तंतूंची बारीक झालर असते. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नाही. नाजूक नळी आणि तिच्या तोंडावर पसरलेल्या पाच पाकळ्या, बस्स. वासही गोड. शेंगांवरूनही कळते. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा देठापासूनच सुट्या, सुतळीसारख्या बारीक, हातभर लांब आणि अंगावर पांढरट ठिपके असलेल्या. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि पिकल्यावर सुटतात. वाळलेली शेंग उकलली तर बियांना रेशमी तंतूंचा झुबका दिसतो. पांढऱ्या कुड्यात तो बीच्या शेंगेच्या टोकाकडच्या बाजूला असतो, काळ्यात देठाकडच्या. काळ्याची पाने वाळताना काळपट पडतात. त्यांत निळीचा रंग असतो.

दुकानात मात्र फूल नसते, शेंग नसते, नुसते सालीचे तुकडे असतात. तिथे जीभ कामाला येते. पांढऱ्या कुड्याचा चिमूटभर तुकडा चावला तर कडवटपणा लगेच चढतो आणि बराच वेळ जात नाही. काळ्याची साल तशी कडू लागत नाही. बियांचेही तेच: पांढऱ्याचे कडू इंद्रजव, काळ्याचे गोड इंद्रजव. चांगली साल बाहेरून पिवळट तपकिरी, खरखरीत, बारीक पुटकुळ्यांची. आतून दालचिनीच्या रंगाची. मोडली की तंतू न निघता दाणेदार तुटते. सालीला लाकडाचा पांढरा थर चिकटलेला असेल तर वजन लाकडाचे आणि पैसे सालीचे, कारण औषधी द्रव्य मुख्यतः सालीत असते. शंका राहिली तर शहापूरच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांची ओळख आणि गुण, शिकवणाऱ्यांकडून साल ओळखून घ्यावी.

ही गफलत आजची नाही. युरोपीय वैद्यकात ही साल ‘कोनेसी’ नावाने गेली होती आणि एकोणिसाव्या शतकात तिचे नाव मागे पडले. व्यापारात तिच्या जागी काळ्या कुड्याची निरुपयोगी साल मिसळली जात होती, हे त्याचे एक कारण त्या काळच्या औषधशास्त्रज्ञांनीच नोंदवले आहे. नाव खराब झाले ते भेसळीने.

पांढऱ्या कुड्याच्या चांगल्या सालीत साधारण दोन टक्के अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली नत्र असलेली औषधी द्रव्ये, असतात. त्यांतला प्रमुख कोनेसीन. त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा, सूत्र सी-24 एच-40 एन-2. आव ज्याने पडते त्या एंटअमीबा हिस्टोलिटिका या एकपेशीय जिवावर तो घातक ठरतो. 1920 च्या दशकात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुड्याच्या अल्कलॉइडांवर काम झाले आणि ‘कुर्ची बिस्मथ आयोडाइड’ नावाने औषध रुग्णांना दिले गेले. पुढे 1950 च्या सुमारास शुद्ध कोनेसीनही आवेवर वापरले गेले. त्यात त्रास दिसला: झोप उडणे, बेचैनी, कुणाकुणाला भ्रम. कारण खूप नंतर उलगडले. मेंदूत हिस्टामीन माणसाला जागे ठेवते आणि एच-3 नावाचे ग्राहक, म्हणजे पेशींवरचे संदेश घेणारे रेणू, त्याच्या स्रवण्यावर ब्रेकसारखे काम करतात. कोनेसीन मेंदूत पोचतो आणि हा ब्रेकच अडवतो. म्हणून सालीचा काढा हे ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ अशा प्रकारातले औषध नाही.

सालीत टॅनिन हे तुरट द्रव्यही असते. ते आतड्याच्या आतल्या अस्तराला आवळते, म्हणून हगवण थांबल्यासारखी वाटते. चरकाने कफ, पित्त आणि रक्त आवरणाऱ्या व शोषणाऱ्या द्रव्यांत कुटजाची साल श्रेष्ठ मानली ती याच अनुभवातून. पण त्याच परंपरेत आमातिसारात, म्हणजे सुरुवातीला न पचलेले बाहेर पडत असताना, जुलाब आवळून धरू नये असेही स्पष्ट सांगितले आहे. ही दुसरी बाजू घरगुती औषधात हमखास विसरली जाते.

आता काढा. मोठ्या माणसासाठी वाळलेली साल 10 ग्रॅम, जाडीभरडी कुटलेली. पाणी 160 मिली, म्हणजे सोळापट. उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवून 40 मिली उरवायचे, गाळायचे आणि कोमट प्यायचे. साल पिठासारखी दळली तर तळाशी लागते आणि गाळताना फडके गच्च होते. आच मोठी ठेवली तर पाणी आधी उडते आणि सालीतला अर्क सालीतच राहतो. लोखंडाचे भांडे नको: टॅनिन आणि लोह मिळून काढा शाईसारखा काळा होतो. काढा रोज ताजा करावा, दुसऱ्या दिवशी आंबतो. दिवसातून दोनदा, तोही तीन दिवसांवर वैद्याला विचारल्याशिवाय नाही.

घराघरांत चालणारी रीत त्याहून सोपी. कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर ताकात उगाळून चाटवतात. या रीतीत रसायनशास्त्र आहे: अल्कलॉइड आम्लात चांगले विरघळतात आणि ताकात लॅक्टिक आम्ल असते. फक्त मुळासाठी झाड उपटावे लागते. खोडाची किंवा फांदीची साल तशीच उगाळली तरी काम भागते.

सगळ्यांत देखणी कृती शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथातल्या पुटपाकाची. ओली साल तांदळाच्या धुवणात वाटून गोळा करायचा, जांभळीच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून चिखलाचा दोन बोटे जाड थर द्यायचा आणि निखाऱ्यांत ठेवायचा. माती लाल झाली की काढून फोडायची आणि आतला गोळा गरम असतानाच पिळून रस मधात द्यायचा. कुड्याच्या सालीत रस मुळातच थोडा असतो, नुसता पिळून निघत नाही. मातीच्या आत कोंडलेली वाफ साल मऊ करते, पानांमुळे ती जळत नाही. थर पातळ पडला तर माती तडकते, वाफ निसटते आणि हाती करपलेला चोथा येतो.

तयार कुटजारिष्ट बाजारात मिळते. त्यात कुड्याची साल, मनुका, मोहाची फुले, शिवण, धायटीची फुले आणि गूळ असतो. मात्रा 12 ते 24 मिली, तेवढ्याच पाण्यातून, जेवणानंतर. ते आंबवलेले असल्याने त्यात थोडे मद्यार्क असते आणि गूळही भरपूर, हे मधुमेही माणसाने ध्यानात घ्यावे. कडू इंद्रजवाचे चूर्ण साखरेवर म्हणून विकले जाते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ते परस्पर सुरू करू नये.

पावसाळ्याच्या तोंडाला ओढ्या-विहिरींत गढूळ पाणी उतरले की जुलाबांची साथ येते. त्यातले बरेच जुलाब पाण्यासारखे असतात, विषाणूंचे किंवा पटकीसारखे. अशा वेळी कुडा देणे ही घोडचूक आहे. जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने, आणि कुडा पाणी भरून देत नाही. आधी ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचे पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सहा महिन्यांवरील मुलाला सोबत झिंक रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस. ताप आणि रक्त एकदम दिसले तर तो शिगेला जंतूंचा आजार असू शकतो, त्याला डॉक्टरच हवा. लहान मुले, गरोदर बाया आणि झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधे घेणारे यांना घरी कुडा देऊ नये.

कुडा स्वतः कुठे कमी पडतो तेही सांगायला हवे. आवेवर आज मेट्रोनिडाझोलसारखे औषध आहे, त्याची मात्रा ठरलेली आहे. सालीत अल्कलॉइड किती हे झाडाच्या वयावर आणि हंगामावर बदलते. बेळगावातच 2006 पासून आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था पारंपरिक वैद्यकावर संशोधन करते आहे; असल्या झाडांचे प्रमाणीकरण हे तिथल्यासारख्या प्रयोगशाळांचे काम, अंदाजाने पुड्या बांधणाऱ्यांचे नव्हे.

साल काढायची तर आपल्या बांधावरच्या झाडाची. भीमगड अभयारण्यात काहीही काढायला बंदी आहे. आठ-दहा वर्षांचे झाड निवडावे आणि मनगटाएवढी फांदी छाटून तिची साल सोलावी, कुडा बुंध्यातून पुन्हा फुटतो. खोडाचीच साल हवी असेल तर घेराच्या चौथाईहून कमी रुंदीची उभी पट्टी घ्यावी. सालीतूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरते, सगळ्या बाजूंनी सोललेले झाड मुळांपासून उपाशी मरते. पट्ट्या सावलीत वाळवाव्यात, मोडताना कट्कन आवाज आला की भरून ठेवाव्यात. ओलसर भरल्या तर बुरशी येते.

बांधावर झाड नसेल तर ते लावणे अवघड नाही. शेंगा उन्हाळ्याआधी वाळतात. तडकण्यापूर्वी त्यांना फडक्याची पुरचुंडी बांधावी, नाहीतर बी वाऱ्यावर जाते. जूनच्या पहिल्या पावसात पिशवीत पेरावे. चिकामुळे गुरे-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, तेव्हा राखणीला वेगळे कुंपण लागत नाही.