भोंग्यापासून डीजेपर्यंत : ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मांडवांचा आवाज

घणसोली, ऐरोली, दिवाळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हळदीच्या रात्री जो डीजे वाजतो, त्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण नव्वदच्या दशकापासून सुरुवात करतात. त्याचे मूळ त्याहून जुने आहे. ते सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवाल्यात आहे. सायकलच्या कॅरियरवर ॲम्प्लिफायर, हँडलला भोंगा आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी असे बिऱ्हाड घेऊन तो गावोगावच्या मांडवांत पोहोचायचा. सामान स्वतःचे, गाणी स्वतः जमवलेली, आणि कोणत्या वेळी काय लावायचे हेही त्याच्याच हातात. डीजे याहून वेगळे काय करतो?

सामानाचे आधी सांगतो, कारण गाण्यांची निवड बरीचशी त्यावरच ठरत होती. लाखेची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे वाजायची. तेवढ्यात पुढची काढून ठेवायची, आधीची पुसून पाकिटात सरकवायची आणि पोलादी सुई बदलायची. झिजलेली सुई खाचा खराब करते, म्हणून सुयांची छोटी डबी खिशातच असे. एखाद्या खाचेत सुई अडकली आणि गायिका तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली, की पिकअपवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या टोकावर, चार आण्यांचे नाणे ठेवून काम भागवायचे. वीज असली तरी तिचा भरवसा नसे, त्यामुळे काही जण चावीचाच ग्रामोफोन वापरत आणि पिकअपची वायर ॲम्प्लिफायरला जोडत. चावी द्यायला विसरले की गाणे ढिले पडायचे, आवाज जाड होत जायचा आणि मांडवातून ओरडा व्हायचा. ॲम्प्लिफायर बहुधा अहुजाचा, तोही १२ व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. सत्तरीच्या सुरुवातीला ७८ च्या तबकड्या निघायच्या थांबल्या आणि पेटीत ४५ च्या लहान रेकॉर्डी आणि एल.पी. दिसू लागल्या, पण जुन्या तबकड्या कुणी लगेच टाकल्या नाहीत.

भोंगा ॲल्युमिनियमचा. तो नारळाला किंवा उंच बांबूला बांधायचा. तोंड कोणत्या दिशेला करायचे यावर घरच्यांचे एकमत क्वचित व्हायचे. सोयऱ्यांच्या आळीकडे, की पलीकडच्या गावाकडे? या भोंग्याचा एक गुण फार महत्त्वाचा आहे. खालचे, खर्जातले सूर त्यातून जवळजवळ येतच नाहीत. माणसाच्या बोलण्या-गाण्याचा जो पट्टा आहे, तेवढाच तो फेकतो, पण फार थोड्या शक्तीत फार लांब. तीस वॉटच्या ॲम्प्लिफायरवर ठाण्यातले गाणे खाडीपलीकडे कळव्यात ऐकू जाई, आणि ऐकू जाई ते शब्दांसकट. तबला-ढोलक मागे राहायचे, बोल पुढे यायचे. त्यामुळे लग्नात कोणते गाणे लावले याला अर्थ होता, कारण गावातला प्रत्येक माणूस ते बोल ऐकत होता.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आले. पहाटे सनई, बहुतेक ठिकाणी बिस्मिल्ला खाँसाहेबांची रेकॉर्ड. मग गणपतीचे गाणे, एखादा अभंग. ऊन चढले की रेडिओवर गाजत असलेली हिंदी गाणी, १९७१ नंतर दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतली हमखास. संध्याकाळी कोळीगीते आणि नाच. मध्येच धवलारीण बसायची. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन विधी लावण्याचा मान तिचा. ती गायला लागली की जाणता रेकॉर्डवाला सुई उचलायचा आणि माईक तिच्यापुढे सरकवायचा. अजाण माणूस रेकॉर्ड वाजवत राहायचा आणि त्याला पुढच्या लग्नाची सुपारी मिळत नसे. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे सुई उचलणे. कुठे थांबायचे हे कळणे, यालाच त्या काळी धंद्यातली अक्कल म्हणत.

आणि पाठवणीला एकच रेकॉर्ड: ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’. शब्द पी. सावळाराम यांचे, चाल वसंत प्रभूंची, आवाज लता मंगेशकरांचा. सावळाराम ठाण्याचे रहिवासी, ठाणे नगरपालिकेचे नगराध्यक्षही राहिलेले. कळवा-कोपरीच्या मांडवांतून लेकी सासरी निघताना जे गाणे वाजत होते, ते याच शहरात राहणाऱ्या कवीचे होते. आजच्या ठाणेकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल? संगीतभूषण पं. राम मराठे यांचेही घर ठाण्यातच. शास्त्रीय मैफल, भावगीत आणि भोंगा या तिन्ही गोष्टी एकाच गावात शेजारी शेजारी नांदत होत्या.

रेकॉर्डवाल्याच्या बरोबरीने आणखी काही आवाज होते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती, समाजाच्या लग्नात उंबराचे पाणी आणायच्या विधीला ब्रास बँड निघे. कोळीवाड्यांत बेंजो पार्टी. हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, जपानमध्ये १९१२ साली तयार झालेल्या ताइशोगोतो या कळांच्या तंतुवाद्याचा आपल्याकडचा अवतार. तारांखाली पिकअप (तारांचा कंप ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारा तुकडा) बसवला, ॲम्प्लिफायर आणि भोंगा हातगाडीवर चढवला, की वरातीबरोबर चालणारा आवाज तयार. ट्रकवर सिस्टीम लावून निघणाऱ्या आजच्या मिरवणुकीचा थेट पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो. मुंबईतल्या ताजमहाल हॉटेलात तेव्हा ‘ब्लो अप’ नावाचा डिस्कोथेक, म्हणजे रेकॉर्डींवर नाचायचा क्लब, सुरू होता, पण त्याचा या गावांशी काडीचा संबंध नव्हता. आपला डीजे तिथून आला असे मानणे चूक आहे.

गणेशोत्सवात नौपाडा, टेंभी नाका, जांभळी नाका या भागांत ऑर्केस्ट्रा रंगत. अकॉर्डियन, बाँगो, इलेक्ट्रिक गिटार आणि पुढे बसलेल्यांकडून येणाऱ्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या. रस्त्यावर पडदा बांधून १६ मिलिमीटरचा सिनेमा दाखवत. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर, भोंगा आणि रेकॉर्डी एकाच माणसाकडून भाड्याने येत. १९७८ साली मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभे राहिले आणि ऑर्केस्ट्राला छप्पर, खुर्च्या आणि तिकीटखिडकी मिळाली. मैदानातला, मंडपातला श्रोता मात्र त्याबरोबर आत गेला नाही, तो मांडवातच राहिला.

पैसा कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले, वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने वाढत गेले, भातशेती आणि मिठागरांवर राबणाऱ्या घरांतली मुले पगार आणू लागली. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल सुरू झाला. जमीन गेली, मोबदला तुटपुंजा मिळाला, त्याविरुद्ध भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या १९८४ च्या आंदोलनात उरणजवळच्या जासईत गोळीबार झाला, माणसे मारली गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणाऱ्या योजनेचे भूखंड हातात पडेपर्यंत नव्वदचे दशक उजाडले होते. भूखंड विकून आलेला पैसा घरांत, गाड्यांत गेला आणि हळदीतही गेला. गावाची शेती उरली नव्हती, तेव्हा आम्ही अजून इथेच आहोत हे दाखवण्याची जागा मांडवच होता. या हळदींच्या खर्चावर नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

दरम्यान कॅसेट आली होती. फिलिप्सने ती १९६३ सालीच काढली, पण आपल्या गल्लीबोळांत तिचा पूर ऐंशीच्या दशकात आला. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि संध्याकाळपर्यंत कॅसेट भरून घ्यायची. क्रम आता लग्नघरच ठरवू लागले. रेकॉर्डवाल्याची पेटी हलकी झाली आणि त्याची किंमतही कमी झाली. पण याच कॅसेटने मोठे कामही केले: मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नसते, अशा आगरी-कोळी गायकांची गाणी छापून बाजारात आली. आज हळदीत जी गाणी वाजतात, त्यांपैकी कित्येकांची पाळेमुळे त्या स्वस्त कॅसेटींत आहेत.

मग सीडी, मग संगणक, आणि सोबत बेसचे मोठमोठे डबे. भोंग्यात जे खर्जाचे सूर उमटत नव्हते, तेच आता सर्वांत पुढे आले. अठरा इंची स्पीकर छातीवर ठोका देतो, आणि तेवढ्या धक्क्यात बोल बुडतात. गाणीही त्याप्रमाणे बदलली: कडवी कमी, ठेका जास्त, जुन्या कोळीगीताची एक ओळ घेऊन तीच फिरवत ठेवायची. नाचायला हे उत्तम आहे, आणि आजच्या पोरांचे हात मिक्सरवर किती सफाईने चालतात हे मी कौतुकाने पाहतो. पण धवलारणीसाठी आवाज थांबवणारे फार थोडे उरले.

आवाजाच्या मर्यादेचा कायदा मागाहून आला. लाऊडस्पीकरला पोलिसांचा परवाना १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यापासूनच लागे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, ही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये उचलून धरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सविस्तर निकाल दिला आणि हा वाद महाराष्ट्रभर पोहोचला. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ही बंधने हवीतच.

या पट्ट्यातल्या कित्येक माळ्यांवर अजून त्या पत्र्याच्या पेट्या आहेत. घर पुनर्विकासाला गेले की त्या भंगारात जातात. तुमच्याकडे असेल तर देऊ नका. रेकॉर्डवाल्याची वही सापडली तर आधी तिचे फोटो काढा, कारण कोणत्या गावात कोणत्या वेळी काय वाजले हे फक्त तिच्यातच लिहिलेले असते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट अजिबात लावू नका. स्पिरिटने लाख विरघळते.