जागरण अंगवळणी पडत नाही

‘आम्हीही रेसिडेन्सीत सलग छत्तीस-छत्तीस तास ड्युट्या केल्या, काय झालं आम्हाला?’ सीनियर असं म्हणाले की नवा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेताना रुग्णालयात राबणारा डॉक्टर, गप्प बसतो. शरीरशास्त्राला मात्र यावर बोलायचं आहे.

आपण जागे असताना मेंदूतल्या पेशी एटीपी हे इंधन जाळतात. त्यातून ॲडिनोसिन तयार होतं आणि पेशींबाहेर साचत जातं. चेतापेशींवर त्याचे ग्राही, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, असतात. ‘ए-वन’ ग्राहीला ते चिकटलं की जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात. ‘ए-टू-ए’मार्फत झोप आणणाऱ्या पेशींना जोर चढतो. साठा उतरतो तो झोपेतच. रात्री दोनला टपरीवरच्या चहाने तरतरी येते, कारण कॅफीन त्याच ग्राहींमध्ये ठाण मांडून बसतं. ॲडिनोसिन बाहेर वाढतच असतं. साधारण पाच तासांत निम्मं कॅफीन शरीरातून जातं आणि सकाळच्या राउंडला डोळे मिटायला लागतात. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, आत हीच उधारी असते.

मग सवय? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं. पण ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाची उत्तरं काही दिवसांनी फारशी बदलेनात. म्हणजे सीनियर खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही जाणवलं नसेल.

आता पावसाळ्यातली कॅज्युअल्टी घ्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून साप चावलेला शेतमजूर येतो, त्यातही आधी भगताकडे अर्धी रात्र घालवून. मंत्राने विष उतरत नाही, मोलाचा वेळ तेवढा जातो. रेसिडेंट कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतो. नळी 20 मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू, आणि काही तासांनी पुन्हा तीच चाचणी. सोपं काम आहे. पण वीस मिनिटांनी आठवण राहणं आणि नळीकडे नीट बघणं, झोपेअभावी पहिल्यांदा ढासळतं ते नेमकं हेच.

सलग काम सहसा 12 तासांपेक्षा जास्त नको, असं केंद्राचा 1992 चा निर्देश सांगतो. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला कमाल 74 तास सुचवले. तेवढे पाळायचे तरी रात्रपाळीला आणखी एक रेसिडेंट लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं.