अटल पेन्शन की श्रमयोगी मानधन?

रिक्षावाला, घरी शिवणकाम करणारी, भाजीची गाडी लावणारा. यांना मालक नाही, म्हणून पीएफही नाही. म्हातारपणाची सोय स्वतःच करायची. त्यासाठी केंद्राच्या दोन योजना आहेत आणि लोक त्या सर्रास एकच समजतात. तसं वाटणं साहजिकही आहे, कारण दोन्हींत वयाच्या १८ ते ४० मध्येच शिरता येतं, खात्यातून आपोआप हप्ता कापला जातो, साठीनंतर पेन्शन मिळते, आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्याला आता दोन्हीकडे प्रवेश नाही.

फरक कळतो तो हप्त्यात. तिसाव्या वर्षी शिरणाऱ्या माणसाला दरमहा ३००० रुपये पेन्शन हवी असेल, तर २०१५ च्या अटल पेन्शनमध्ये महिन्याला ३४७ रुपये भरावे लागतात. २०१९ च्या श्रमयोगी मानधनमध्ये फक्त १०५, कारण तेवढेच १०५ सरकार स्वतःचे घालतं. मात्र त्यासाठी महिन्याची कमाई १५,००० च्या आत हवी आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) नको. शिवाय पेन्शन ३००० च, कमी-जास्त नाही. अटलमध्ये १००० ते ५००० पर्यंत निवडता येते.

हे आकडे पाहिल्यावर बहुतेक जण लगेच मानधनकडे वळतात. पण आपल्यामागे घरच्यांना काय मिळेल, हे आधी विचारा. मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो आणि फॉर्म भरताना तो कुणी विचारत नाही. पेन्शन सुरू झाल्यावर नवरा गेला, तर मानधनमध्ये बायकोला निम्मी, म्हणजे १५०० रुपये मिळतात. तीही गेली की जमा रक्कम योजनेच्या निधीत जाते, मुलांच्या हाती काही येत नाही. अटलमध्ये बायकोला पूर्ण ३००० चालू राहतात आणि दोघांच्या पश्चात नॉमिनीला ५ लाख १० हजार मिळतात. म्हणून हप्ता झेपत असेल आणि घरात लेकरं असतील, तर मी अटलच सुचवेन. ज्याला १०५ भरतानाही ओढाताण होते, त्याने मानधन घ्यावं, पण काहीच न घेता राहू नये.

अटलचा फॉर्म बचत खातं असलेल्या बँकेत किंवा पोस्टात मिळतो. मानधनसाठी आधार आणि पासबुक घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांच्या सेवा केंद्रात जायचं. नॉमिनीचं नाव त्याच दिवशी घाला.