जमिनीवर वाट चुकलेली विमानं

भाचा बारामतीला पायलटचं ट्रेनिंग घेतोय. सुट्टीला कोथरूडला आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कुठल्यातरी विमानतळाचा चार्ट, म्हणजे नकाशा, पसरतो आणि त्यावर खोडरबर सरकवत बसतो. खोडरबर म्हणजे विमान. तोंडाने पुटपुटणं चालू, डावीकडे, मग सरळ, इथे थांब, परवानगी, मग क्रॉस. मला आधी हसूच आलं, अरे उडायचं सोडून हे काय भलतंच, तर म्हणाला, मामा, उडणं त्यामानाने सोपंय रे, नवीन विमानतळावर उतरल्यावर पार्किंगपर्यंत न चुकता जाणं, तिथे लागते वाट, आणि तू चांदणी चौकात आत्तापर्यंत किती वेळा चुकीच्या रॅम्पवर गेलायस ते सांग. मी गप्प. तीन वेळा.

मग मी यावर वाचत बसलो, आणि हा प्रकार दिसतो तितका साधा नाहीये.

आधी हा प्रश्नच नव्हता म्हणा. विमानतळ म्हणजे मोठं गवताळ मैदान, वारा जिकडून येतोय तिकडे नाक करायचं आणि सुटायचं, टॅक्सीवे, म्हणजे विमानांना जमिनीवर चालायचे रस्ते, वगैरे भानगड नाही. फक्त त्या विमानांची शेपटी जमिनीला टेकलेली आणि नाक वर, पायलटला समोरचं दिसायचंच नाही, म्हणून नागमोडी चालवत बाजूने डोकावत जायचं. नकाशे पण नव्हते. अमेरिकेत टपालाची विमानं उडवणारा एल्रे जेपसन नावाचा पायलट प्रत्येक मैदानाची माहिती खिशातल्या वहीत टिपून ठेवायचा, बाकीचे मागायला लागले म्हणून 1934 मध्ये त्याने त्याचा धंदाच काढला, आणि आजही पायलट लोक चार्टला सर्रास जेपसन म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पक्के रनवे आले, आपलं पुण्याचं लोहगावही 1939 चंच, लष्करी. नंतर जेट आली, विमानतळ फुगले, टॅक्सीवेचं जाळं झालं. विमानतळ कसे असावेत याचे आंतरराष्ट्रीय नियम 1951 मध्ये आले, पण नियम असणं वेगळं आणि वळणावर वाचता येईल अशी पाटी असणं वेगळं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

त्याची किंमत 27 मार्च 1977 ला मोजली गेली. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटला म्हणून मोठी मोठी विमानं इकडे वळवलेली, रविवार, विमानांना रेडिओवरून वाट सांगणाऱ्या टॉवरमध्ये दोनच माणसं, रनवे एकच, आणि त्याला समांतर असलेल्या टॅक्सीवेवर उभ्या विमानांची गर्दी, म्हणून टेकऑफच्या टोकाला जायचं तर रनवेवरूनच चालत जायचं. त्यात ढग खाली उतरले. केएलएम या डच कंपनीचं जम्बो पुढे गेलं आणि टोकाला वळून उभं राहिलं, मागून अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचं जम्बो येतंय, त्यांना सांगितलं तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा. तिसरी कुठून मोजून? वळणांवर नंबरच नव्हते. पायलटने परत विचारलं, टॉवरने एक दोन तीन मोजून सांगितलं, तरी गोंधळ राहिलाच, कारण तिसऱ्या एक्झिटला वळायचं म्हणजे एवढं अवाढव्य विमान जवळजवळ उलटं फिरवायचं आणि पुढे परत तसंच, त्यामुळे ते वळण मागे पडलं आणि ते सोप्या चौथ्याकडे निघाले. तेवढ्यात केएलएमच्या कॅप्टनने परवानगी नसताना टेकऑफ सुरू केला. 583 माणसं गेली. चूक मुख्यतः टेकऑफची, मान्य, आणि लोक तेवढीच लक्षात ठेवतात, पण दोन्ही विमानांना तो विमानतळ परका होता आणि खाली पाट्या नव्हत्या, हे मला तितकंच मोठं वाटतं.

नंतरही थांबलं नाही. 1983 ला माद्रिद, 1990 ला डेट्रॉइट, दोन्हीकडे धुकं आणि वाट चुकून रनवेवर आलेलं विमान. 2000 साली तैपेईला वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं जम्बो शेजारच्या, काम चालू असलेल्या रनवेवरून निघालं, 83 गेले.

2001 चं मिलानचं लिनाते तर वाचवत नाही. धुक्यात छोट्या सेसना जेटला आर5 नावाच्या टॅक्सीवेने जायला सांगितलं, ते आर6 ने गेलं आणि ती वाट थेट चालू रनवेवर निघते. मधे पायलटने सांगितलं मी एस4 पाशी आहे, कारण जमिनीवर तसं लिहिलेलं दिसत होतं, पण ती खूण कंट्रोलरला माहीतच नव्हती, त्याला वाटलं विमान बरोबर चाललंय. जमिनीवरचा जुना रडार बंद केलेला, नवा सुरू व्हायचा होता. टेकऑफ घेणारं प्रवासी विमान त्या सेसनावर आदळलं, 118 मृत्यू.

2006 ला केंटकीतल्या लेक्सिंग्टनला पहाटे अंधारात 22 ऐवजी 26 नंबरच्या रनवेवरून टेकऑफ, तो लांबीला निम्माच, 50 पैकी एकच वाचला. विमानतळावर काम चालू होतं आणि टॅक्सीवे बदललेला, पायलटच्या हातातल्या चार्टवर तो बदल नव्हता.

आत्ता भाचा जे घोकतो ते सगळं यातून आलंय. टेकऑफ हा शब्द फक्त खरी परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, एरवी डिपार्चर म्हणायचं. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तू इथे आहेस, पिवळ्यावर काळं म्हणजे वाट तिकडे, लालवर पांढरं म्हणजे पुढे रनवे. जमिनीवर चार पिवळ्या रेघा, दोन सलग दोन तुटक, सलग बाजूने आलास तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. जिथे लोक हमखास चुकतात ती जागा चार्टवर हॉट स्पॉट म्हणून गोल करून दिलेली असते. आता टॅब्लेटवर आपलं विमान चालताना दिसतं, तरी याचे सर म्हणतात आधी कागद.

पण यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, वाट चुकल्यासारखं वाटलं तर जागीच थांबायचं (रनवेवर सोडून) आणि टॉवरला सांगायचं, मी नवीन आहे, एकेक वळण सांगा. टॉवरने सांगायचं असतं. नाहीतर आपल्याकडे, ‘येथे पत्ता विचारू नये’.

मागच्या महिन्यात तो पहिल्यांदाच एका परक्या विमानतळावर गेला, उतरून बाहेर पडला आणि दोन टॅक्सीवे पुढे गोंधळला. थांबला. मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलने लिहिलेलं परत वाचलं, मग बटण दाबून विचारलं. टॉवरमधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पुढचं डावं वळण. मागे एक मोठं विमान खोळंबलं होतं म्हणे, कान लाल झाले होते याचे.

विचारलं, ओरडले का रे सर?

म्हणाला, नाही, लॉगबुकवर सही करताना हसले फक्त.