तिसऱ्या संध्याकाळचा वाडगा : बाक कुट तेह

नमस्कार मंडळी,

आमच्या सिंगापूर-मलेशिया सहलीच्या कार्यक्रमात तिसऱ्या संध्याकाळसमोर ‘बाक कुट तेह’ एवढे तीनच शब्द छापलेले असतात. नोंदणी झाली की बहुतेक फोन त्या तीन शब्दांसाठीच येतात. फोनवर घाईत सांगून या पदार्थाला न्याय मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

हे डुकराच्या बरगड्यांचं सूप. होक्कियन या चिनी बोलीत बाक म्हणजे मांस, कुट म्हणजे हाड, तेह म्हणजे चहा. सुपात चहा नसतो, तो शेजारी छोट्या कपात असतो. 19व्या शतकात चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेले मजूर बंदरात दिवसभर पोती वाहायचे, त्यांची भूक भागवणारं हे जेवण, असं सांगतात. जन्म सिंगापूरचा की मलेशियातल्या क्लांग शहराचा, यावर दोन्हीकडची माणसं हिरिरीने भांडतात. 2024 साली मलेशियाने त्याला राष्ट्रीय वारशाच्या पदार्थांत जागा दिली.

आम्ही तुम्हाला नेतो ते सिंगापूर नदीजवळचं आमचं आवडतं हॉटेल. तिथलं सूप तिओच्यू या दक्षिण चिनी समाजाच्या पद्धतीचं, म्हणजे पातळ, फिकट आणि मिरीने सणसणीत. साहित्य मोजकं : बरगड्या, सालासकट लसणाचे अख्खे गड्डे, ठेचलेली पांढरी मिरी, मीठ, थोडा सोया सॉस. बरगड्यांना आधी एक उकळी देऊन ते पाणी फेकतात, त्याबरोबर रक्ताचा मळ निघून जातो. मग नवं पाणी घालून मंद आचेवर ठेवतात. आच मोठी केली की चरबी पाण्यात फेटली जाऊन सूप गढूळ होतं. हळूहळू शिजताना हाडांजवळच्या चिवट भागाचं जिलेटिन होतं. ओठांना किंचित चिकटपणा जाणवतो तो त्याचाच. लसूण इतका मऊ होतो की पाकळी चिमटीत दाबली तर लोण्यासारखी बाहेर येते. ती भातावर कालवून खा.

मिरीबद्दल एक सांगायलाच हवं. इथले आचारी मलेशियातल्या सारावाक राज्याच्या पांढऱ्या मिरीचं नाव अभिमानाने घेतात. पिकलेले दाणे पाण्यात भिजवून साल काढली की ही मिरी तयार होते. पण वेल मुळात आपल्या पश्चिम घाटातला. समुद्र ओलांडून गेलेली आपली मिरी तिथे अशी भेटते, याचं आम्हाला दरवेळी अप्रूप वाटतं.

पहिला घोट घेतल्यावर काहीजण म्हणतात, “यात मसालाच नाही.” आमच्या एका जुन्या सहलीत कोल्हापूरच्या एक आजी होत्या. दिवसभर पाऊस झालेला, सगळे भिजलेले, आजींना कणकण. त्यांनी अर्धा वाडगा न बोलता संपवला आणि सुनेला म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं अळणी!” तिखट पडायच्या आधी मटणाचं जे पाणी लेकरांना आणि आजाऱ्यांना वाटीत काढून देतात, तेच त्यांना तिथे आठवलं. मांस आणि मिरी वेगळी, पण अंगात उतरणारी ऊब तीच. त्या दिवसापासून कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना आम्ही दुसरं काही समजावत बसत नाही.

टेबलावर बसल्यावर आधी नुसतं सूप प्या. मग बरगडी उचलून लाल मिरचीचे तुकडे घातलेल्या काळ्या सोया सॉसमध्ये बुडवा. तो सॉस सुपात ओतू नका, मिरीची चव बुजते. सोबत भात, खारवलेली पालेभाजी आणि ‘यू चार क्वे’ मागवतो. ही मैद्याची तळलेली पोकळ कांडी. आपण चहात खारी बुडवतो तशी ती सुपात बुडवायची, पण लगेच उचलायची. हाडं हाताने धरून चोखायला संकोच करू नका, सगळे तसंच खातात. वाडगा रिकामा झाला की वेटर किटलीतून पुन्हा सूप ओततो, त्याचे पैसे पडत नाहीत. बशीतले शेंगदाणे आणि ओले रुमाल मात्र बऱ्याच ठिकाणी बिलात लागतात. आमच्याबरोबर असताना तो हिशेब आमच्याकडे.

चहा चीनमधल्या फुजियानकडचा, ऊलाँग प्रकारचा. पहिलं पाणी पत्तीवरून फिरवून टाकून देतात, दुसऱ्यापासून प्यायचा. तोंडातला तेलकटपणा त्याने छान निघतो.

पुढे क्वालालंपूरहून वेळ मिळाला तर क्लांगलाही नेतो. तिथलं सूप मातीच्या भांड्यात येतं, रंगाने काळपट, आणि त्यात चक्रफूल, दालचिनी, लवंग यांच्याबरोबर चिनी औषधी मुळ्या असतात. रस आटवलेला सुका प्रकारही मिळतो. त्यात बहुधा भेंडी असते!

काही गोष्टी आधीच कळवा. क्लांगच्या सुपात ‘दांग गुई’ हे मूळ असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा तुम्हाला बाळाची चाहूल लागलेली असेल, तर ते टाळा. सुपात मीठ बरंच असतं, रक्तदाब असलेल्यांनी दुसऱ्यांदा वाडगा भरून घेऊ नये. डुक्कर न खाणाऱ्यांना कोणीही आग्रह करणार नाही. मलेशियात याच धर्तीचं कोंबडीचं ‘ची कुट तेह’ मिळतं, ते आम्ही शोधून देतो. शाकाहारी मंडळींची त्या संध्याकाळची सोय सिंगापूरच्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीत केलेली असते. फक्त निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत नाव सांगा.

तिसऱ्या दिवशी दुपारी हलकं जेवा. संध्याकाळी सव्वासहाला आपल्या मुक्कामाच्या हॉटेलच्या लॉबीत भेटू. सातनंतर सुपाच्या हॉटेलात रांग लागते.