डबा घट्ट लावू नका

गिरगावातल्या एका ओळखीच्या काकांनी मागच्या महिन्यात माळ्यावरून रिळाचा डबा खाली काढला. आत त्यांच्या लग्नाची १६ मिलिमीटरची फिल्म, झाकणाला चिकटपट्टी, सोबत डांबराच्या गोळ्या. उघडल्याबरोबर चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा वास नाकात गेला. "हवासुद्धा लागू दिली नव्हती रे," काका हळहळले. पण हवा कोंडल्यामुळेच तर बिघाड इतका वाढला!

ही पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची. सेल्युलोज म्हणजे आपल्या गिरण्यांतल्या कापसातलं तेच, ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. कडीगणिक तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. पट्टी बनवताना त्यांतल्या बहुतेकांवर ॲसिटिल गट चढवतात. हवेतलं पाणी हे गट एकेक करून सोडवतं आणि सुटलेल्या गटाचं ॲसिटिक ॲसिड होतं. व्हिनेगरमधलं आम्ल तेच. आता त्यातला हायड्रोजन आयन पुढच्या ॲसिटिलच्या ऑक्सिजनला चिकटतो, लगतच्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची ओढ लागते, पाण्याला तिथे शिरणं सोपं जातं. काम झालं की आयन पुन्हा मोकळा, शिवाय आम्लाचा एक नवा रेणू तयार! अभिक्रियेचं उत्पादितच तिचं उत्प्रेरक, म्हणजे तिचा वेग वाढवणारं, बनतं. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. म्हणून कित्येक वर्षं काही दिसत नाही आणि मग पट्टी भराभर आखडते, चित्राचा जिलेटिनचा थर सुटू लागतो. घट्ट झाकणाखाली आम्लाची वाफ कोंडते, मुंबईची दमट हवा पाणी पुरवते. डांबराच्या गोळ्या कीटकांसाठी. आम्लावर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

पेडर रोडला २०१९ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात जरूर जा. पण काचेआडचे कॅमेरे पाहताना लक्षात असू द्या, की खुद्द रिळाला प्रदर्शन सोसत नाही; त्याला हवी थंड, कोरडी, अंधारी कोठी. १४ मार्च १९३१ ला गिरगावातच, मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची आज एकही प्रत सापडत नाही.

"डिजिटल केलं की सिनेमा अमर" ही जाहिरातबाजी मला पटत नाही. हार्ड डिस्कही बंद पडते. मूळ पट्टी शाबूत असेल तर ती पुन्हा, आणखी चांगली स्कॅन करता येते.

काकांच्या डब्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या, आम्ल लागलं की रंग बदलणाऱ्या रसायनाची निळी कागदपट्टी एक दिवस ठेवली. ती हिरवी झाली, म्हणजे आम्ल जोरात आहे, पण स्कॅनिंगला अजून वेळ गेलेली नाही. तोवर ते रीळ एसीच्या खोलीतल्या कपाटात, भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात आहे, उरलेल्या दोन रिळांपासून लांब.