राडारोड्यातील जिप्सम व बांधकाम साहित्याचा पुनर्वापर (बेळगाव सीमाभाग)

इमारत पाडताना वा दुरुस्त करताना निघणाऱ्या राडारोड्यातून जिप्सम, खडी, विटा, चिरे, लाकूड व लोखंड वेगळे काढून पुन्हा कामाला लावण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यातला अर्धा भाग जुनाच आहे. मातीत बांधलेले घर उतरवले की तुळया, वासे, मंगलोरी कौले आणि जांभ्याचे चिरे यांना गिऱ्हाईक मिळते. मातीच्या सांध्यातला चिरा अखंड सुटतो. सिमेंटात बसवलेला मात्र मध्येच फुटतो, कारण तिथे सांधा चिऱ्याहून टणक असतो. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि जिप्सम बोर्डांचे फॉल्स सीलिंग आल्यावर या राडारोड्याची जात बदलली.

जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेले कॅल्शियम सल्फेट. सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले पाऊण पाणी उडून पीओपी होते; पीओपीत पाणी घातले की पुन्हा जिप्सम. हे चक्र कितीही वेळा फिरू शकते, पण भट्टीत हात चुकतो. अर्धवट भाजलेल्या भुकटीत उरलेले जिप्समचे कण विरजणासारखे काम करतात आणि माल घमेल्यातच बसतो. जास्त भाजली तर ती लवकर धरतच नाही.

खरी अडचण मिसळीची आहे. जिप्सममधील सल्फेट सिमेंटातल्या अॅल्युमिनेट या घटकाशी संयोग पावून फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. आयएस 456 या भारतीय मानकानुसार काँक्रीटमधील एकूण सल्फेट (SO₃) सिमेंटच्या वजनाच्या 4 टक्क्यांपलीकडे जाऊ नये. घनमीटरला 320 किलो सिमेंट धरले तर ही मर्यादा 12.8 किलो. सिमेंटातच 3 टक्के, म्हणजे 9.6 किलो सल्फेट असले, तर उरतात 3.2 किलो, एवढे सल्फेट सुमारे 7 किलो जिप्सममधून येते. सहा बाय चार फुटी जिप्सम बोर्ड (कागदाच्या दोन थरांत जिप्सम) 18 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे मर्यादा गाठायला बोर्डाचे अर्ध्याहून लहान खांडही पुरे! 2016 च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या कामांवर काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग सांगितले. त्यांत जिप्समचा ढीग नव्हता. तो पाचवा करावाच लागतो.

म्हणून ब्रेकर (काँक्रीट फोडणारे यंत्र) लावण्याआधी छत उतरवावे. वायरिंग काढून स्क्रू सोडवावेत, बोर्ड शक्यतो अखंड काढावेत, लोखंडी चॅनेल भंगारात द्यावेत. तुकडे ताडपत्रीखाली, जमिनीपासून उंच ठेवावेत. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते न फोडता ओले करून पूर्ण बाजूला काढावेत. बोर्ड दळून चाळले की कागद वर राहतो. जिप्सम ओल्या कचऱ्यासोबत खड्ड्यात पुरले तर हवेविना जगणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. खानापूर-जांबोटीच्या पावसात असा खड्डा कुजक्या अंड्यासारखा घाण मारणारच. बंदिस्त जागी तो वायू जीवघेणाही ठरतो.

रंग न लागलेली स्वच्छ भुकटी सिमेंट कारखान्यात क्लिंकरसोबत (भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांसोबत) दळता येते किंवा कृष्णाकाठच्या अथणी, रायबागकडील चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीत घालता येते. माती परीक्षणानंतर, 100 ग्रॅम मातीतले 1 मिलिइक्विव्हॅलंट (माती परीक्षणातले माप) सोडियम हटवायला वरच्या 15 सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी सुमारे 1.8 टन शुद्ध जिप्सम लागते. चर काढून निचरा केला नसेल, तर सुटलेले सोडियम तिथेच राहते आणि खर्च वाया जातो. पीओपीच्या गणेशमूर्तींसाठी तिसरी वाट आहे: जवळपास मूर्तीच्याच वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घातले की तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे, म्हणजे खताचे, पाणी राहते. यात वायू सुटतो, तेव्हा पिंपाला घट्ट झाकण नको.

काँक्रीटचे तुकडे जॉ क्रशरमध्ये (जबड्याच्या यंत्रात) फोडून चुंबकाने सळई काढतात. आयएस 383 (2016) अशी खडी साध्या काँक्रीटात 25 टक्के, एम-25 (एम पुढचा आकडा ताकदीचा) पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटात 20 टक्के चालवून घेते. विटांच्या मिश्र खडीला एम-15 खालच्या कामाचीच मुभा. दोन्ही खड्या पाणी पितात. आदल्या दिवशी भिजवल्या नाहीत तर मिक्सरमधला माल आखडतो, आणि मग गवंडी वरून पाणी ओततात, तिथेच ताकद जाते.